थांबायला मीच सांगितलं

अल्लीपूर,
१८ जानेवारी २०२५

प्रिय शकुन,
सप्रेम जय भीम.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते. इकडे सगळे बरे. तूर कापून झाली. तिकडे पिपरी मेघेत तुझे गुडघे कसे आहेत?

परवा खोलीत कापूस भरला आणि तुझी रोशनी आठवली. हात पसरून त्या ढिगावर पडायची. "मोठीआई, मले उचल ना." चार पावलं चालली की कडेवर. मला वाटायचं, लाडानं करते.

आमच्या अश्वजितची मयुरी सात महिन्यांची झाली. दूध पिताना कपाळाला घाम यायचा, दोन घोटांत धापायची. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, हृदयाला मोठं भोक आहे, लवकर ऑपरेशन करा. अश्वजित म्हणाला, "आई, पाचच किलोची हाये. थोडी मोठी होऊ दे."

शकुन, हे माझेच शब्द. रोशनी वर्षाची होती. तू ऑपरेशनच्या कागदावर सही करायला निघालीस आणि मी दारात अडवलं. "काऊन घाई करून राह्यली? पाच वर्षांची होऊ दे." पुढे तिचं धापणं कमी झालं, तर मी गावभर सांगितलं, पोरगी सुधारली! सातव्या वर्षी ओठ निळे पडले. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं खराब झाली, आता भोक बुजवता येत नाही. सोळाव्या वर्षी ती गेली, महिन्याभरात तुम्ही घर सोडलं. मी लोकांना सांगत राहिले, भावाभावांचं पटलं नाही.

अश्वजितला वाटत होतं, रोशनीवर इलाजच नव्हता. त्याला सगळं सांगितलं.

"मंग आजवर काऊन नाई बोलली?"

"लाज वाटे, बापा."

दुसऱ्या दिवशी मीही दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "आजी, वजनाची वाट पाहू नका. भोक आहे म्हणूनच वजन वाढत नाही."

दोन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं. काल घरी आणली. आज सकाळी वाटीभर दूध प्यायली, कपाळ कोरडं. सून मेघा हसत होती. मी मोरीत जाऊन रडले.

माफी मागत नाही. तेव्हा तुझं बरोबर होतं, एवढं माझ्या हातानं लिहून द्यायचं होतं. हे पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवलं आहे.

मयुरीले पाहाले येजो. नाही आलीस तरी मी समजेन.

तुझं तेव्हा न ऐकलेली,
तुझी जाऊ
सुलोचना