लाल खडूची खूण

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा धार लावण्याची चाके बनवण्याचा कारखाना, आणि त्याच्या जोडीला गेली तीस वर्षे सभागृहांतून व्याख्याने देणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लेखी दिले आहे; फुप्फुसांबद्दल मात्र त्यांनी काही चांगले लिहिलेले नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. एका माणसाने एक अट घातली, ती मी मान्य केली, आणि ती कोणती हे कलम चारमध्ये येईल. याआधी मी केलेला मसुदा रद्द समजावा. त्यात खोटे असे एकही वाक्य नव्हते. पण एक गोष्ट त्यात नव्हती, आणि ती नसल्यामुळे सगळाच कागद खोटा होता.

कलम १. राहते घर, वरच्या मजल्यासह, माझ्या मुलाला द्यावे. त्याने ते विकले तरी माझी हरकत नाही. फक्त स्वयंपाकघरातले उंच स्टूल विकू नये. त्याची आई तो तीन वर्षांचा असताना गेली. माझी धाकटी बहीण तिच्या नवऱ्याच्या पश्चात लहान मुलीला घेऊन माझ्याकडे राहायला आली होती, तिने त्याला त्या स्टुलावर बसवून भरवले. मी त्या वेळी बहुधा कुठेतरी बोलत होतो.

कारखाना मुलाला देत नाही. हे ऐकून तो माझ्यावर चिडला, आणि त्याचे चिडणे रास्त आहे.

"बाबा, धाडस, चिकाटी, आत्मविश्वास, झटपट निर्णय, दूरदृष्टी, वाणी, जोखीम घ्यायची तयारी. तुमचे सातही गुण आहेत ना माझ्यात?"

"सातही आहेत. माझ्यापेक्षा जास्तच."

"मग माझं चुकलं कुठं?"

"तुझं काही चुकलं नाही रे. मी अर्धंच सांगत फिरलो."

कलम २. माझी अकराशे पुस्तके आमच्या रस्त्यावरच्या वाचनालयाला द्यावीत. समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा पुसू नयेत. जिथे जिथे मी "हेच!" असे लिहिले आहे, तिथे वाचकाने थोडे सावध राहावे.

'यशस्वी उद्योजकाचे सात गुण' या व्याख्यानाच्या चार वह्या आहेत. त्या जाळू नयेत. जाळणे हा नाटकीपणा झाला, आणि तो मी पुरेसा केला आहे. त्या व्याख्यानातले एक वाक्य लोकांना फार आवडे: "ज्याला शंका येते, तो नोकरी करतो, ज्याला खात्री असते, तो कारखाना काढतो." या वाक्याला पडलेल्या टाळ्या मी परत करू शकत नाही. प्रत्येक वहीला या मृत्युपत्राचे कलम तीन आणि चार टाचून लावावे आणि मगच त्या कोणाच्या हाती द्याव्यात.

कलम ३. आता कारखान्याविषयी. जो कोणी तो चालवील त्याला काय मिळणार आहे हे नीट कळले पाहिजे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचे चाक म्हणजे कठीण खड्यांचा चुरा आणि चिकणमाती. साच्यात दाबायचे, वाळवायचे, भट्टीत भाजायचे. भट्टी विझली की पाच दिवस दार उघडायचे नाही. घाई केली तर चाकाला आतून तडा जातो, केसासारखा, डोळ्यांना न दिसणारा. असे चाक मोटरवर चढवले की भरवेगात फुटते आणि समोर बसलेल्या माणसाच्या अंगावर जाते. म्हणून भट्टीतून निघालेले प्रत्येक चाक खुंटीला अडकवून लाकडी मोगरीने हलकेच ठोकायचे. चांगले चाक खणखणीत वाजते. तडा असेल तर आवाज बद्द येतो.

ही ठोकणी अठ्ठावीस वर्षे माझ्या धाकट्या बहिणीने केली. कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत. मागच्या अंगाच्या त्या छोट्या खोलीत, खिडक्या लावून, उन्हाळ्यातसुद्धा पंखा बंद ठेवून, ती एकेक चाक ऐकायची. पास झालेल्या चाकावर लाल खडूने अर्धचंद्र काढायची. ती डावखुरी होती, त्यामुळे तिचा अर्धचंद्र किंचित डावीकडे कललेला असे. लोक दुकानात चाक उलटे करून आधी ती खूण पाहत आणि मग किंमत विचारत. मी सभागृहांतून सांगत असे की माझ्या धाडसावर हा कारखाना उभा आहे. तो तिच्या 'नाही'वर उभा होता. शंभरातली सात-आठ चाके ती बाजूला ठेवी. मी कुरकुर केली की म्हणे, "दादा, तू विकायला बस. मी नाही म्हणायला बसलेय."

कलम ४. हे कलम पहिल्या मसुद्यात नव्हते. तो मसुदा मी आमच्या भट्टीवाल्या काकांपुढे साक्षीदाराच्या सहीसाठी ठेवला. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"सही करतो मालक. पण आधी लाल खडूचं लिहा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी भट्टीच्या दारात होतो. तिथून ताईंच्या खोलीत कोण शिरलं, कोण निघालं, सगळं दिसतं."

अकरा वर्षे हा माणूस रोज सकाळी मला नमस्कार करत होता.

तर लिहितो. अकरा वर्षांपूर्वी उद्योजकांच्या एका मेळाव्यात मी व्यासपीठावरून जाहीर केले की आमची दोनशे चाळीस चाके येत्या शुक्रवारी बाजारात असतील. घाऊक व्यापारी समोरच्या रांगेत बसला होता. टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडलेले वाक्य मागे घेणे मला कधी जमले नाही. भट्टी विझून तीनच दिवस झाले होते. काका दाराला पाठ लावून उभे राहिले. म्हणाले, "मालक, भाषण तुमचं, भट्टी माझी. तिला टाळ्या ऐकू येत नाहीत." मी त्यांना बाजूला केले आणि दार उघडायला लावले.

धाकटीने गुरुवारी सकाळपासून ठोकणी केली. बाराच्या सुमारास ती माझ्या टेबलाशी आली. मोगरी हातातच होती.

"दादा, सगळी सारखीच वाजतायत."

"मग उत्तम!"

"उत्तम नाही रे. असं कधी होत नाही. एक तर सगळीच्या सगळी चांगली आहेत, नाहीतर माझा कान गेलाय. काल शेजारच्या खोलीतला फोन वाजत होता, मला कळलाच नाही."

"तुला उगाच वाटतंय."

"उगाच नाही. मी खूण करणार नाही. रविवारी मुलीला बोलावते, तिचा कान माझ्यासारखाच आहे. तीन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

मी काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते, म्हणून लिहितो. मी म्हणालो, "शंका ही भित्र्यांची चैन आहे." हे माझ्या तिसऱ्या वहीतले वाक्य. बहिणीशी बोलतानासुद्धा मी वहीतले बोलत होतो.

ती जेवायला घरी गेली. मी ठोकणीच्या खोलीत गेलो, दार लावले, तिचा लाल खडू घेतला आणि दोनशे चाळीस चाकांवर दोनशे चाळीस अर्धचंद्र काढले. ती परत आली तेव्हा माल निघून गेला होता. "माझ्या जबाबदारीवर पाठवला," असे मी तिला सांगितले. खुणांचे सांगितले नाही.

पाच आठवड्यांनी त्यातले एक चाक फुटले. कात्र्या-सुऱ्यांना धार लावून देणारा एक माणूस दुकानात त्याच्यासमोर बसला होता. त्याचा उजवा डोळा गेला.

व्यापारी फुटका तुकडा फडक्यात बांधून कारखान्यात आला आणि सगळ्या एकोणीस माणसांसमोर त्याने तो टेबलावर ठेवला. तुकड्यावर लाल अर्धचंद्र होता. सगळ्यांनी आधी खुणेकडे पाहिले आणि मग धाकटीकडे. त्या क्षणी एक वाक्य पुरेसे होते. मी पंधरा मिनिटे बोललो. म्हणालो, वय कोणाला चुकले आहे, कान थकतात, अठ्ठावीस वर्षांच्या सेवेपुढे एका चुकीचे मोल ते काय, ताईंना इथे कोणीही दोष द्यायचा नाही. इतक्या मोठ्या मनाने मी कधी बोललो नव्हतो. दोन बायका रडल्या.

धाकटीने तुकडा उचलून उजेडात धरला. खूण उजवीकडे कललेली होती. तिने माझ्याकडे पाहिले. मग मोगरी खुंटीला टांगली, डबा घेतला आणि निघाली. फाटकापाशी मी तिला गाठले.

"दादा, भाषण छान झालं," ती म्हणाली.

ती मुलीकडे राहायला गेली. नऊ वर्षे जगली. त्या नऊ वर्षांत तिने हे फक्त मुलीला सांगितले असावे. बाजारात मात्र तिचे नाव 'बहिरी तपासनीस' असे पडले, आणि ते माझ्या कानावर येत राहिले. माझा कान उत्तम आहे. ती गेल्यावर शोकसभेत मी चाळीस मिनिटे बोललो. दहाव्या मिनिटाला भाची उठून बाहेर गेली. मला वाटले, तिला रडू आवरले नसेल.

म्हणून येथे, शुद्धीत, लिहितो: ती चाके माझ्या बहिणीने पास केली नव्हती. भट्टी मी उघडायला लावली. खूण मी केली. दोष तिच्यावर मी येऊ दिला, आणि वर तिला सगळ्यांसमोर क्षमाही केली.

कलम ५. बँकेतली सर्व शिल्लक त्या धारवाल्याला द्यावी. अपघातानंतर मी त्याला भेटायला गेलो होतो. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, "साहेब, ताईंची चाकं मी बारा वर्षं वापरली. एखादं चुकलं असेल. माणूसच ना! माझा त्यांच्यावर राग नाही, त्यांना सांगा." मी तो चहा प्यालो. निरोप पोहोचवला नाही. पैशांबरोबर कलम चारची प्रत त्याला द्यावी. त्याने माफी चुकीच्या माणसाला दिली आहे. ती परत घ्यायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

कलम ६. कारखान्याच्या आवारातली राहायची खोली भट्टीवाल्या काकांना द्यायचे ठरवले होते. वकीलबाईंनी सांगितले, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार होता येत नाही. मी काकांना म्हटले, साक्षीदार दुसरा मिळेल, तुम्ही खोली घ्या. ते म्हणाले, "खोल्या पुष्कळ आहेत गावात. सही मीच करणार." म्हणून त्यांना काहीही दिलेले नाही. ही खोली आता कलम सातमधल्या मालमत्तेत जाईल.

कलम ७. कारखाना, भट्टी, साचे, ठोकणीची खोली आणि कारखान्याचे नाव माझ्या भाचीला द्यावे. ती सध्या दुसरीकडे माल तपासायचे काम करते आणि तिथले मालक तिला घाबरतात असे ऐकतो. याहून मोठी शिफारस मला माहीत नाही.

ती घेईल की नाही, हे मला ठाऊक नाही. तिने नाही म्हटले तर साचे फोडावेत आणि भट्टी थंड राहू द्यावी. खूण कोणाची हे पाहायला कोणी नसेल तर चाके निघू नयेत. माझी एकोणीस माणसे त्यामुळे उघड्यावर येतील, हे मला दिसते आहे. झोप येत नाही ती त्यामुळेच.

गेल्या मंगळवारी सकाळी निरोप पाठवल्यावर ती आली. शोकसभेनंतर दोन वर्षांनी. बसली नाही.

"मामा, कारखान्याचं नंतर. आईची मोगरी द्या."

"तुझीच आहे."

"आणि कपाट उघडा."

अपघातानंतर बाजारातून परत मागवलेल्या चाकांपैकी नऊ मी फोडली नव्हती. लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवली होती. का, ते मला सांगता येत नाही. अधूनमधून ती काढून मी ठोकून पाही. माझ्या कानाला नऊच्या नऊ खणखणीत वाजत.

तिने पंखा बंद केला. खिडकी लावली. एकेक चाक खुंटीला लावून ठोकले. पाच उजवीकडे ठेवली, चार डावीकडे.

"फरक कुठला?" मी विचारले.

"डावीकडच्या चारांना तडा आहे. तुम्हाला नाही कळायचा." तिने हात झटकले. "आईलाही त्या दिवशी नाही कळला. पण आपल्याला कळत नाहीये, हे तिला कळलं होतं."

तीस वर्षे व्याख्याने दिली, अकराशे पुस्तके वाचली, आणि आठवा गुण माझ्या मागच्या खोलीत पंखा बंद करून बसला होता.

मी विचारले, "घेशील का कारखाना?"

"हा कागद आधी वाचा. सगळ्यांसमोर. मशिनं बंद करून. तुम्ही मेल्यावर वकिलानं वाचायचा नाही. मग बघू."

म्हणून हे मृत्युपत्र मी उद्या सकाळी दहा वाजता कारखान्यात, जिथे तो तुकडा ठेवला होता त्याच टेबलाशी उभा राहून, स्वतः वाचणार आहे. दम लागला तर वकीलबाई पुढे वाचतील. कलम चार मात्र मीच वाचीन. सही वाचून झाल्यावर करीन.

शोकसभा घेऊ नये. कोणी बोलू नये.

स्थळ: कारखाना, ठोकणीच्या खोलीसमोर
दिनांक: भट्टी विझल्याचा पाचवा दिवस, शनिवार

मृत्युपत्र करणाऱ्याची सही: (सही)

साक्षीदार पहिला, बांधणी विभागातल्या बाई: मी हा कागद पूर्ण ऐकला. मालकांनी माझ्यासमोर सही केली. त्या दिवशी रडलेल्या दोघींपैकी मी एक. (सही)

साक्षीदार दुसरा, भट्टीवाला: मालक शुद्धीत होते. कलम चार वाचताना दोनदा थांबले, पण कागद दुसऱ्याला दिला नाही. टाळ्या पडल्या नाहीत. ताईंची मुलगी शेवटपर्यंत उभी होती, मोगरी तिच्या हातात होती. सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. या वेळी खूण त्यांची स्वतःची आहे. (सही)