स्तामेनच्या थडग्यावरचे गहू

६ ऑक्टोबर, रविवार

थडग्यावर आज गहू होते. उकडलेले, गोड, वर दालचिनी भुरभुरलेली. मी ठेवले नव्हते!

चर्चमधून परस्पर दफनभूमीत गेले होते. माझा स्तामेन तिथं भिंतीलगत आहे, काट्याकुट्यांत. स्वतःच्या हातानं जीव देणाऱ्याला आत जागा नाही. पाद्रीबाबा जूनमध्येच म्हणाले होते, "गेर्गिना, प्रार्थना नाही, नाव वाचणं नाही. माझे हात बांधलेत." मेलेल्याच्या नावानं गहू वाटायचे, तर त्यांवर पाद्रीबाबांचा आशीर्वाद लागतो. तो नाही, म्हणून मी उकडलेच नाहीत.

मग ही कोण आली बिनआशीर्वादाचे गहू ठेवायला? वाईनही ओतली होती. माती अजून ओली.

९ ऑक्टोबर, बुधवार

रुसावन्सं आल्या. सांगायला नको होतं, सांगून बसले. लगेच सुरू – "असेल त्याची कुणीतरी! पुरुष काय बायकोला विचारून ठेवतो? तुझ्या घरात चहाला साखरसुद्धा जपून मिळायची, बाई!"

सख्खा भाऊ गेला, तरी टोमणा सुटत नाही.

त्या गेल्यावर त्याच्या कोटाचे खिसे पाहिले. एक खिळा, बसचं तिकीट, पेपरमिंटची गोळी. पेपरमिंट त्याला आवडत नसे. मग कुणासाठी?

१३ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा! आज वर अक्रोड. एवढ्या महागाईत!

१४ ऑक्टोबर

त्सोन्का. दुसरी कुणी नाही.

मागच्या गल्लीत शिवणकाम करते. नवरा कधीचाच वारला. एकुलता एक मुलगा क्रूम गेल्या वर्षी छपरावरून पडून गेला. तेव्हापासून तिची कौलं स्तामेनच नीट करून द्यायचा. मीच म्हणाले होते, जा, पुण्य लागेल. तिथून आला की जेवायचा नाही. काय झालं विचारलं तर, "काही नाही. रडते ती."

रडते! माझ्याच नवऱ्यापुढे बरं रडू येतं!

१९ ऑक्टोबर, शनिवार

पावाच्या रांगेत ती माझ्यापुढेच होती. मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "त्सोन्का, दालचिनी कुठं मिळते गं हल्ली?"

तोंड पांढरं पडलं. "बहिणीनं पाठवली."

"आणि अक्रोड?"

मागून बेकरीवाल्याची आई – "अगं, भाव विचारतेस की चौकशी करतेस?" सगळ्या हसल्या. त्सोन्का पाव न घेताच गेली. चोराच्या मनात चांदणं!

२० ऑक्टोबर

असले विचार पाप आहेत, देवा. पण ते करताना छातीवरचं ओझं हलकं होतं. तिच्यामुळे गेला असेल तर निदान कारण तरी सापडलं! सकाळी उठला, दाढी केली, मला म्हणाला भोपळी मिरच्या छान आल्यात. असा माणूस दुपारी जीव देतो? कारणाशिवाय?

ती असायलाच हवी.

२७ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये मेणबत्ती लावली. मूर्तीच्या जागी तिचंच तोंड.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या मृतांचा शनिवार. सगळं गाव दफनभूमीत असणार, तीही येणार. विचारणारच. लोक ऐकेनात का!

२ नोव्हेंबर, शनिवार

क्रूमच्या संगमरवरी क्रूसापाशी पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. त्सोन्कानं सगळ्यांना गहू वाटले. लोक पांगल्यावर उरलेलं ताट घेऊन भिंतीकडे आली. मी आडवी गेले. "माझ्या नवऱ्याची तू कोण?"

तिनं ताट खाली ठेवलं. "क्रूम पडला नव्हता, गेर्गिना. छपरावरून पडला असं मीच सांगितलं. नाहीतर त्यालाही इथंच टाकला असता. एकट्या स्तामेनला माहीत होतं, त्यानं कुणाला कळू दिलं नाही. तिकडे मला अपघाताचं रडावं लागतं. खरं रडायला इथं येते."

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "तो का गेला? तुला तरी बोलला असेल."

"नाही गं," ती म्हणाली. "मला क्रूमही काही बोलला नव्हता."