टाकीतलं परकं पेट्रोल

३ फेब्रुवारी
घात झाला. मेहुण्याने काल नेलेली गाडी आज परत आणली. वर ऐटीत सांगतो, भावोजी, अर्धी टाकी भरून आणलीय. कुठे भरलीस विचारलं, तर म्हणे चौकातल्या निळ्या पंपावर. अकरा वर्षं माझ्या गाडीने लाल पंपाशिवाय कुठल्या पेट्रोलला तोंड लावलेलं नाही! थँक्यू म्हणालो नाही.

४ फेब्रुवारी, सकाळी ८.१०
चढावर गाडी खोकली. दोनदा. बायकोला ऐकू आलं नाही. भाऊ तिचा, तिला कसं ऐकू येईल?

५ फेब्रुवारी
मेकॅनिककडे गेलो. बॉनेटमधून डोकं वर न काढताच म्हणाला, कुठल्याही दोन पंपांचं पेट्रोल मिसळा, गाडीला कळतसुद्धा नाही. एअर फिल्टर कोळसा झालाय, तो बदला. इतकं ठाम कसं बोलतो माणूस? संध्याकाळी कळलं, हा आणि मेहुणा शाळेत एका बाकावर बसायचे. तरीच! पाणी इथेच मुरतंय. फिल्टर बदलला नाही.

८ फेब्रुवारी
१९ तारखेला मुलीचा इंटरव्ह्यू. नव्वद किलोमीटर, सकाळी दहाला. आधीच्या दोन ठिकाणांहून 'कळवतो' म्हणाले आणि कळवलं नाही. पोरगी जेवतानासुद्धा नोट्स वाचते. बसने जाते म्हणत होती. म्हटलं, बापाची गाडी दारात असताना बस? मी सोडणार.
संकल्प: तोवर निळ्याचा शेवटचा थेंब बाहेर. मग लाल, फुल टाकी.

९ फेब्रुवारी
टाकीत नळी घालून तोंडाने ओढलं. थोडं पोटात गेलं. चव संशयास्पद. लालची चव कधी घेतली नसल्यामुळे तुलना करता आली नाही. दिवसभर ढेकर. यापुढे जाळूनच संपवायचं.

११ फेब्रुवारी
शेजारच्या काकूंना दवाखान्यात सोडलं, साहेबांना घरी, बायकोला भाजीला दोनदा. बायको म्हणाली, हल्ली एवढं प्रेम का उतू चाललंय, काय लपवताय? किती संशयी स्वभाव! असल्या माणसाबरोबर संसार करणं सोपं नाही.

१४ फेब्रुवारी
ऑफिसला दांडी मारून लाल पंपासमोर पाळत ठेवली. टँकर आला. अर्धा रिकामा करून सरळ निळ्या पंपावर गेला! मागोमाग जाऊन ड्रायव्हरला गाठलं. तो म्हणाला, डेपो एकच आहे साहेब, वरून टाकायचं औषध तेवढं ज्याचं त्याचं वेगळं. म्हणजे निळेवाले आमच्या लालवाल्यांच्या जिवावर जगतात. मला शंका होतीच.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
काटा पार तळाला, दिवा पेटलेला. मुलगी म्हणाली, बाबा, आजच भरून ठेवा ना. तिला म्हटलं, वाटेत अकरा किलोमीटरवर लाल पंप आहे, तिथपर्यंत निळं बरोब्बर संपतं. माझा हिशोब चोख आहे.

१९ फेब्रुवारी
लाल पंपाला दोरी बांधलेली. मशीन दुरुस्तीला. समोर निळा पंप, एकही गाडी नाही, पंपवाला हात करून बोलावतोय. इतक्या अगत्याने कोण बोलावतं? मुलगी म्हणाली, बाबा, वळवा. म्हटलं, सहा किलोमीटरवर दुसरा लाल आहे. ती पुन्हा म्हणाली, बाबा, प्लीज.
चौथ्या किलोमीटरला गाडी थांबली. या वेळी खोकलीसुद्धा नाही.
मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं. फाईल छातीशी धरून रस्त्यावर उभी राहिली, अंड्यांच्या टेम्पोला हात केला आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसली. मी बेस्ट लक म्हणालो. टेम्पो निघाला होता.

२० फेब्रुवारी
काल मेहुण्याने मित्राच्या जीपला दोर बांधून गाडी ओढत गॅरेजला आणली. मेकॅनिक म्हणाला, फ्युएल पंप जळालाय. पेट्रोलच त्याला गार ठेवतं, कोरड्या टाकीवर गाडी दामटली की असं होतं. आणि खोकला फिल्टरचाच होता. मेहुण्याने दोर नीट गुंडाळून ठेवला. त्याचं हे नीटनेटकं वागणं मला आवडलं नाही. बायको म्हणाली, हात दाखवून अवलक्षण.

२६ फेब्रुवारी
नोकरी मिळाली! पंचवीस मिनिटं उशीर होऊनसुद्धा. पेढे मी आणले. तिने एक घेतला.

१ मार्च, सकाळी ७
आज ती तिकडे राहायला जाणार. खोली बघून झाली आहे, मला काल कळलं. फिल्टर बदलला, पंप नवा घातला, टाकी स्वतः फुल केली. निळ्यावर. म्हटलं, चल, सोडतो.
ती म्हणाली, मामा सोडतोय. मामाकडे गाडी कुठे आहे, विचारलं. तर आपलीच नेणार आहेत.
चावी दिली. मी पण येऊ का, मागे बसेन, असं विचारलं. मागे सामान आहे म्हणाली.