सावनीभोवतीचा चर

प्रिय सूनबाई,

ही हाक तुला आता नकोशी वाटत असेल तर पुढच्या पत्रात बदलू. आज मला दुसरी सुचत नाही.

मागच्या दारच्या सावनीच्या झुडपाची पानं सगळी झडली. परवापर्यंत शेंड्याला चार लाल पानं तग धरून होती, तीही गेली. माझं बरं चाललंय. शाळेच्या गणवेशांचं काम उरकत आलंय. मशीन कुरकुरतं, मीही कुरकुरते, त्यामुळे घर अगदीच शांत नसतं. नवा चष्मा केला, त्याबद्दल पुढे लिहिते.

तुमच्या लग्नाच्या वर्षी तो सावनीची काडी सायकलला बांधून घेऊन आला, तेव्हा मी हसले होते. खांबावर चढून अख्ख्या गल्लीची वीज जोडणारा माझा लेक, पण खड्डा केवढा खणायचा हे मला विचारत होता. पहिली गुलाबी, चुणीदार फुलं आली तेव्हा मी म्हटलं, ही तर माझ्या झालरींची नक्कल. खांबावरून पडून तो गेला, त्या उन्हाळ्यातही ती भरभरून फुलली. मला तिचा फार राग आला होता. तू मात्र पाणी घालत राहिलीस, म्हणून मीही खत घालू लागले.

मागच्या थंडीत तू मागच्या दारी फोनवर बोलता बोलता हसलीस. तो गेल्यापासून तुझं तसं हसणं ऐकलं नव्हतं. मी मशीन थांबवलं. खोटं कशाला सांगू, मला ते बोचलं. दोन दिवस तुझ्याशी धड बोलले नाही. मग फावडं घेतलं आणि सावनीभोवती गोल चर खणून मुळं तोडली. तू कामावरून आलीस, तुटलेली मुळं पाहिलीस आणि म्हणालीस, त्याचं एवढं एकच उरलं होतं, तेही तुम्हाला बघवलं नाही. तुझं चुकलं नाही, बघणाऱ्याला तसंच दिसलं असतं. मग तू ऑफिसजवळ खोली घेतलीस. आता येतेस ती पाहुण्यासारखी, चहा पितेस आणि कप विसळून जातेस. मी तेव्हा तोंड उघडलं नाही, कारण मला जे दिसलं होतं ते तू अजून स्वतःलाही सांगितलं नव्हतंस.

तर चष्मा. दुकानातल्या माणसाने माझं नाव लिहून घेतलं आणि त्याचा चेहराच उतरला. चष्म्याची काडी तो वाकवतोय काय, सरळ करतोय काय. मी म्हटलं, सावकाश होऊ दे, कान कुठे पळून जात नाहीत. तेव्हा खाली बघत त्याने सांगितलं की तू त्याला लग्नाला नाही म्हणालीस, आईंना आता माझ्याशिवाय कोण आहे म्हणून. घरी येऊन मी खूप रडले. चष्मा अजून डाव्या कानाला टोचतो, पण माणूस बरा आहे.

आता चराचं सांगते. मोठं झुडूप एकदम उपटलं तर जगत नाही. वर्षभर आधी भोवतीची लांब मुळं तोडून ठेवावी लागतात, म्हणजे खोडाजवळ बारीक नवी मुळं धरतात आणि पुढच्या पानगळीनंतर ते मातीच्या गोळ्यासकट निघतं. काल उकरून पाहिलं, पांढऱ्या मुळांचं दाट जाळं झालंय. गोळा बांधायला गोणपाट दुहेरी टीप घालून शिवून ठेवलंय. एक फांदी मी माझ्यासाठी कुंडीत लावली होती, ती काही जगली नाही. मागच्या दारची ती रिकामी जागा बघणं मला जड जाणार आहे, लपवत नाही. पण नवी पालवी फुटायच्या आत तिला हलवायला हवं. तुम्ही दोघं जिथे घर कराल तिथे, उन्हात लावा. रविवारी ये, आणि एकटी येऊ नकोस. गोळा जड आहे, दोघांनीच उचलावा लागेल. माझ्याने तो उचलवणार नाही.

तुझीच,
आई