रॉय टॉर्डॉफचा अंगठा

४ मे
आज फेरेट आणली. मादी, पांढरी, दीड वर्षाची, मुंगसासारखं फूटभर लांबीचं नळकांडं. तीन घरांतून परत आलेली, तिन्ही घरांत रक्त काढून. अगदी मला हवी तशी.
टाकून दिलेल्या फेरेटांना सांभाळणारी लॉरेन म्हणाली, ही चिडलेली नाही रे राजा, घाबरलेली आहे. (ती सगळ्यांनाच राजा म्हणते, पोस्टमनलासुद्धा.) ऑगस्टच्या शेवटी मी घरी बघायला येईन, म्हणाली. तोवर माणसाळली तर ती तुझी. नाही तर आता पाचवं घर हिला कोण देणार, डॉक्टरकडे नेऊन शेवटचं इंजेक्शनच.
मी म्हटलं, पन्नास वर्षं फेरेट पाळतोय, काळजी करू नकोस.
खरं कारण तिला सांगितलं नाही. ही वही कुणी वाचत नाही म्हणून इथे लिहितो. ९ ऑगस्टला आमच्या क्लबचं फेरेट प्रदर्शन. परीक्षक रॉय टॉर्डॉफ. परीक्षकाला प्रत्येक फेरेट हातात घेऊन तपासावी लागते.
हिचं नाव पेटल, म्हणजे पाकळी. सूड घ्यायच्या हत्याराचं असलं नाव चालणार नाही. आजपासून टायगर.

४ मे, संध्याकाळ
टायगर चावली. उजवी तर्जनी. सोडेचना. हात गार पाण्याच्या नळाखाली धरला तेव्हा सोडलं. जबडा उत्तम आहे.

७ मे
रॉयचे गुन्हे एकदा नीट लिहून काढतो.
मागच्या ऑगस्टात माझ्या डचेसने, जी सलग तीन वर्षं पहिली आली होती, त्याच्या अंगठ्याला दात लावला. चावली नाही, दात लावला. रॉयने तिला बाद केलं. माईकवरून. म्हणाला, सॉरी क्लिफ, परीक्षकाला चावलेली फेरेट बाद, नियम म्हणजे नियम. चाळीस वर्षं आम्ही दोघांनी बिळांत फेरेट सोडून एका जाळ्यात ससे धरले, आणि हा मला नियम शिकवतो.
नोव्हेंबरात डचेस गेली. म्हातारी होती, पण मी कारण अपमान असंच धरतो. तेव्हा रॉय सशाच्या रश्श्याचं भांडं घेऊन दारात आला. मी दार उघडलं नाही. तो पायरीवर भांडं ठेवून गेला. मी रस्सा फेकून दिला. (अर्धा खाऊन पाहिला, त्यात काही कालवलंय का ते कळावं म्हणून.) भांडं परत केलेलं नाही. करणारही नाही.

११ मे
एका आठवड्यात अकरा चावे. मी पिंजऱ्यापाशी गेलो की ती कोपऱ्यात दडते, फिस्कारते, शेपूट बाटली धुवायच्या ब्रशसारखं फुलवते. थरथरते पण. ती थरथर रागाची आहे.
बहीण मॉरीन रविवारचं जेवण घेऊन आली. माझे हात पाहून म्हणाली, क्लिफर्ड, दहा बोटं घेऊन जन्माला आलास, किती घेऊन जायचा विचार आहे? तिला लांबवरच्या योजना कळत नाहीत.

१४ मे
लॉरेनचा फोन. अंगात घातलेला एखादा बनियन तिच्या झोपायच्या पेटीत टाक म्हणाली, न धुतलेला. वासावरून ओळख पटते. जुनीच रीत आहे, माझे वडीलही करायचे. टाकला. टायगरने त्यावर शी केली.

१५ मे
रात्रभर विचार केला आणि सकाळी दाढी करताना उत्तर सापडलं. माझ्या वासाची ओळख कशाला? शत्रूच्या वासाची हवी. पोलीस कुत्र्याला चोराची चप्पल हुंगवतात तसं.
रॉयचा मफलर माझ्या शेडमध्ये आहे, सशांच्या जाळ्यांच्या पिशवीत. राखाडी, जाड विणीचा. टाकून दिला नव्हता, पुरावा म्हणून. पाच वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही बर्फात ससे धरायला गेलो होतो, माझा घसा धरला होता, तर यानेच गळ्यातला काढून माझ्या गळ्यात गुंडाळला. म्हणाला, तू मेलास तर जाळी मला एकट्याला वाहावी लागतील. त्याचा हा हुकूमशाही स्वभाव तेव्हाच दिसला होता.
मफलरला अजून पाईपच्या तंबाखूचा, पेपरमिंटचा आणि ओल्या मातीचा वास येतो. नीट तपासला. बराच वेळ तपासला.

१६ मे
मफलर पिंजऱ्यात टाकला आणि तीनदा मोठ्याने म्हटलं, रॉय. टायगरने एक टोक दातांत धरलं आणि सगळाच्या सगळा खेचत पेटीत नेला. ठार मारायला नेला, उघड आहे.

१६ मे, दुपार
पाच तास झाले, अजून मारतेय. आतून आवाज नाही.

२५ मे
प्रगती. मफलरसकट उचललं तर ती मला चावत नाही. सगळं लक्ष त्याचा द्वेष करण्यात असतं, माझ्यासाठी दात शिल्लक राहत नाहीत. आज मफलरच्या घडीतून नुसतं नाक बाहेर काढून माझ्या हातावरचं कच्चं अंडं चाटलं.

३ जून
तिचा राग धगधगत राहावा म्हणून मीच मफलर गळ्यात घालून वावरतो. ती कॉलरमधून आत शिरते आणि मानेपाशी दबा धरून बसते. चांगली दोन-दोन तास.
मॉरीन म्हणाली, जूनमध्ये लोकरीचा मफलर? ताप आलाय का? आणि हा रॉयचा ना रे? मी म्हटलं, आहे काही कामासाठी. ती म्हणाली, चार दारं सोडून राहतो तो, स्वतःच बोलाव की. तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

१२ जून
रॉय भाजीच्या मळ्यात दिसला. वाटाण्यांना काठ्या लावत होता. वाकताना कमरेला हात लावतो. मी दुसऱ्या फाटकाने गेलो. त्याचे वाटाणे माझ्यापेक्षा उंच आहेत. गुन्ह्यांच्या यादीत घातलं.

२१ जून
सकाळी टायगर पेटीत थंड, लुळी. हलवली, मान लोंबली. नाकावर अंडं लावलं, काही नाही. मॉरीनला फोन केला. मी फोनवर काय बोललो ते इथे लिहायचं कारण नाही. ती गाऊनवरच धावत आली.
फेरेट कधी कधी मेल्यासारखी गाढ झोपते. पन्नास वर्षं पाळतोय, मला माहीत आहे. मॉरीनने चहाचा कप आपटून ठेवला तशी ती जागी झाली, जांभई दिली.
मॉरीन म्हणाली, पेटल तर ठीक दिसतेय, तू बस जरा खाली. डोळ्यांत गवताची धूळ गेली होती, दर जूनमध्ये जाते.

८ जुलै
एकोणीस दिवस एकही चावा नाही. सगळं विष ९ ऑगस्टसाठी साठवते आहे. आज अंगणात तिरक्या उड्या मारत नाचली आणि डुक डुक असा आवाज काढला. युद्धाची तयारी.

२ ऑगस्ट
मनात रोज तालीम करतो. रॉय पांढरा कोट घालून टेबलामागे. पेटल (टायगर) त्याच्या हातात. अंगठा. सगळा क्लब बघतोय. मग मी शांतपणे म्हणणार, सॉरी रॉय. बस्स, दोनच शब्द.

९ ऑगस्ट, शनिवार
क्लबमागच्या मैदानात तंबू. आठ फेरेट. रॉयने सात तपासल्या. मग माझ्यासमोर उभा राहिला, वर्षाने पहिल्यांदा इतका जवळ. म्हणाला, ही लॉरेनकडची ना, क्लिफ? चावरी? मी म्हटलं, उचलून बघ.
त्याने उचलली. मी डोळे मिटले.
ओरडण्याचा आवाज आला नाही. डोळे उघडले तर पेटल त्याच्या बाहीत शिरली होती. खांद्यावरून वर सरकत गेली, कॉलरमधून डोकं काढलं, त्याच्या मानेला नाक लावलं. डुक डुक. आणि झोपली. इतकी गाढ की दात बघायला त्यानेच तिचं तोंड उघडलं तरी जाग नाही.
पहिला नंबर. लाल फीत. रॉय माईकवर म्हणाला, वीस वर्षं परीक्षक आहे, इतकं घाबरलेलं जनावर इतकं विश्वासाने हातात आलेलं पाहिलं नाही, आणि हे फक्त क्लिफर्ड डायसनलाच जमतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मॉरीन सगळ्यात जोरात.
माझा सत्यानाश झाला.
फीत लावताना त्याची नजर माझ्या गळ्यावर गेली. हळूच म्हणाला, जॅनेटने विणलेला, मला वाटलं तुझ्याकडून हरवला. जॅनेट त्याची बायको. चार वर्षं झाली तिला जाऊन. मी म्हटलं, हरवलाच होता, आणि निघून आलो.

१० ऑगस्ट
पेटल शत्रूला फितूर झाली. तिच्याशी बोलणं बंद.
दुपारी अंडं दिलं. न बोलता.

१६ ऑगस्ट
मॉरीनने मफलर धुतला. मला न विचारता. म्हणाली, अरे, कुबट मारत होता, लॉरेन घरी येणार म्हणून धुतला, बघ कसा लॅव्हेंडरचा वास येतोय.

१७ ऑगस्ट
चावली. करंगळी.

१८ ऑगस्ट
दोनदा. पेटल कोपऱ्यात दडून थरथरते आहे. लॅव्हेंडरचा मफलर तिने पेटीबाहेर ढकलून दिला. ही थरथर रागाची नाही.

२० ऑगस्ट
लॉरेनचा फोन. ३० तारखेला चार वाजता येते म्हणाली. कशी आहे आमची पाकळी? मी म्हटलं, देवदूत. दुसऱ्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं.

२२ ऑगस्ट
पेपरमिंट चघळून मफलरवर फुंकरी मारल्या. पाईपचा तंबाखू आणून चोळला. ओली माती लावली. अंगठ्याला चावली. माझा बनियन पुन्हा टाकून पाहिला. काय केलं ते लिहीत नाही.

२४ ऑगस्ट
एकच उपाय आहे. मॉरीनला म्हटलं, तू जाऊन मफलर रॉयला दे, पाच-सहा दिवस घाल म्हणावं. ती म्हणाली, तुझ्या पायांना काय झालं? फक्त बोटंच चावलीत ना?

२५ ऑगस्ट
गेलो. त्याचं रश्श्याचं भांडं परत करायचंच होतं, ते निमित्त. घासून नेलं.
रॉयने दार उघडलं आणि म्हणाला, अरे, नऊ महिने लागले की रस्सा संपवायला. मी मफलर पुढे केला. त्याने तो नाकाशी नेला, लॅव्हेंडर म्हणाला आणि परत एकदा हुंगला. मग मी सगळं सांगितलं. वास, इंजेक्शन, ३० तारीख. पहिला हेतू मात्र सांगितला नाही.
तो म्हणाला, मला चाववायला आणली होतीस ना? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, मला वाटलंच. आणि मफलर गळ्यात गुंडाळला.

२८ ऑगस्ट
कडक ऊन. रॉय गळ्यात मफलर घालून मळ्यात बटाटे काढतोय. येणारेजाणारे थांबून विचारतात. तो सांगतो, घसा धरलाय. चार वाजता माझ्या शेडमध्ये येऊन बसतो. पेटल त्याच्या मानेपाशी झोपते. आज झोपेत एक पाय माझ्या हातावर टाकला.
हा सगळा तात्पुरता युद्धविराम. सूड पुढच्या ऑगस्टात.

३० ऑगस्ट, साडेतीन
रॉय लवकर आला. बटाटे काढून हात मातीचे झाले होते. मी म्हटलं, आत जाऊन धू.

३० ऑगस्ट, सहा
मॉरीनने न्हाणीघरात लॅव्हेंडरचा साबणच ठेवला होता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.
रॉयने हात पुढे केला आणि पेटलने त्याचा अंगठा धरला. उजवा. हाडापर्यंत. वर्षभर मनात जसा पाहिला होता, अगदी तसा.
मी सॉरी रॉय म्हटलं. पण ते त्या ठरवलेल्या आवाजात आलं नाही. त्याचा हात धरून नळाखाली नेला. पेटलने सोडल्यावरही मी धरूनच होतो. तो म्हणाला, क्लिफ, पाणी फार गार आहे रे. तेवढ्यात बेल वाजली.
मी रुमाल बांधला, त्याने हात खिशात घातला. लॉरेन आत आली. पेटल रॉयने काढून दिलेल्या मफलरमध्ये शिरून, नुसतं नाक बाहेर काढून, माझ्या मांडीवर. लॉरेनने कागद काढला. विचारलं, राजा, ऑगस्टात कुणाला चावली का? खरं सांग हं, नियम आहे. मी मफलरची घडी नीट करू लागलो.
रॉय म्हणाला, मी वीस वर्षं परीक्षक आहे बाई. ही कुणाला चावत नाही.
त्याच्या खिशावर लाल डाग पसरत चालला होता. लॉरेन तिकडे पाहत होती की नाही, कोण जाणे. तिने सही केली.
ती गेल्यावर मी विचारलं, आणि नियम? रॉय म्हणाला, डचेसच्या वेळीसुद्धा हात खिशात घालता आला असता. रोज वाटतं.
मग नीट बँडेज बांधलं. फार घट्ट झालं, सोडून परत बांधलं. आता सैल झालंय बहुतेक.
मोहीम पूर्ण. ठरल्याप्रमाणे चावा, ठरलेल्याच अंगठ्याला. आनंद होईल म्हणून सहापर्यंत वाट पाहिली.
बँडेज बदलायला उद्या चार वाजता येतो म्हणाला. साखर संपली आहे. तो दोन चमचे घेतो. आणणे.