बिनमालकाची डिस्क

बुधवार, तिन्हीसांज. गणेशगुडी.

मी ती डिस्क पुसली नाही. साहेब चिडले तर चिडू देत.

क्लाउडवर जागा अडवून बसलेल्या जुन्या डिस्क आजच काढून टाक, असा बेळगावच्या ऑफिसातून त्यांचा फोन आला होता; मी घरूनच काम करते. ज्यांचे मालक सापडले त्या काढल्या. एक मात्र कुठल्याच मशीनला जोडलेली नव्हती. नाव नुसतं ‘टेंपररी’, आणि कुणाची ते कुठंच नोंदलेलं नाही. एकदा पुसली की परत मिळत नाही. तरी बोट बटणावर गेलंच होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला. लग्न होऊन नुकतीच खानापुरातून आलीय. “आत्ती, चुलीवर हे पेंढ्याचं धुळकट गाठोडं टांगलंय, टाकू काय?”

आई ओरडलीच. “त्या मुडीला हात लावू नगं! पुढल्या पेरणीचं भाताचं बियाणं हाय त्यात.”

ती मुडी वर्षभर कुणाच्या उपयोगाची दिसत नाही. म्हणून काय टाकायची?

मीच साहेबांना फोन लावला. आधी सगळ्यांना विचारते, मगच पुसते, म्हटलं.

“तुझ्या जबाबदारीवर?”

“व्हय, माझ्या.”

ऑफिसशी बोलताना मी ‘व्हय’ कधी म्हणत नाही. आज गेलं तोंडातून.

मग त्या डिस्कला लेबल लावलं: बियाणं. विचारल्याशिवाय हात लावू नये.