गुरुवारी दुपारी बंद राहणाऱ्या दुकानाबाबत

प्रति,
मा. मार्गदर्शन अधिकारी,
लघुव्यवसाय प्रोत्साहन कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याला लागून असलेली खोली.

विषय: माझे दुकान माझ्या आधीच दुसऱ्याने उघडल्याबद्दल लेखी खुलासा मिळणेबाबत.

संदर्भ: १) माझा आराखडा, पाने सोळा, आपल्या हातात दिलेला.
२) आपले नकाराचे पहिले पत्र.
३) आपले नकाराचे दुसरे पत्र, जे पहिल्यावर कडी करणारे आहे.

महोदय,

माझा आराखडा आपण चोरलात. अर्जाची सुरुवात ‘सविनय सादर करते की’ अशी करायची असते, हे आपणच वर्गात शिकवलंत. विनय उरला तर सहीपाशी लिहीन.

१. मी बॅगांच्या कारखान्यात अकरा वर्षं चेन बसवण्याचं काम केलं. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा माझ्या हाती एक पक्कड आणि एक कला उरली. माझा धाकटा दीर शिवणकामात माझ्याहून सफाईदार आहे, पण त्याचे पाय चालत नाहीत. तो चाकाच्या खुर्चीत बसून काम करतो. दोघांनी मिळून बॅग आणि चेन दुरुस्तीचं दुकान टाकायचं ठरवलं. त्यासाठी मी आपल्या सहा आठवड्यांच्या मार्गदर्शन वर्गात नाव घातलं. पहिल्याच दिवशी आपण म्हणालात, “ताई, धंदा आधी कागदावर चालला पाहिजे, मग रस्त्यावर.” मी ते वाक्य वहीत लिहून खाली रेघ ओढली. माझा धंदा कागदावर चालला, साहेब. इतका छान चालला की चालत चालत दुसऱ्याच्या घरी गेला.

२. तो आराखडा मी हवेत लिहिला नव्हता. बसस्थानकाच्या मागच्या फाटकाशी मी अकरा दिवस उभी होते. डाव्या खिशात बटणं भरलेली. तुटक्या बंदाची, सेफ्टी पिन लावलेली, सुतळीने बांधलेली बॅग दिसली की एक बटण उजव्या खिशात. फाटकावरचा पहारेकरी तिसऱ्या दिवशी म्हणाला, “बाई, कुणाची वाट बघताय? तो येणार नाही आता.” पाचव्या दिवसापासून तोच मला ओरडून सांगायला लागला, “ती बघा, हिरवी! चेन गेलीय!” सगळ्यात वाईट दिवशी एकेचाळीस बॅगा, सगळ्यात चांगल्या दिवशी एकशे सहा. म्हणून पान तीनवर लिहिलं, की दुकान मागच्या फाटकासमोरच्या गल्लीत, डाव्या हाताच्या दुसऱ्या गाळ्यात हवं. पुढच्या फाटकावर माणसं पळत असतात. मागच्या फाटकावर थांबतात.

३. पान सहावर दुकानाच्या आतली मापं दिली होती. कामाचं टेबल सव्वादोन फूट उंच. दिराला खुर्चीत बसवून, हात ठेवायला लावून, सुतारकामाच्या टेपने मी ते माप घेतलं. पान सातवर दुकानाची वेळ होती. रोज सकाळी नऊ ते रात्री आठ, गुरुवारी दुपारी बारा ते तीन बंद. कारण गुरुवारी दुपारी दिराला रुग्णालयात पायांच्या व्यायामाला न्यावं लागतं आणि खुर्ची ढकलायला मीच असते. कारण मात्र मी लिहिलं नाही. म्हटलं, घरचं रडगाणं सरकारी कागदात कशाला.

४. सोळा पानं वाचून आपण चष्मा काढलात आणि म्हणालात, “ताई, असा आराखडा या खोलीत आजवर कुणी आणला नाही.” मला चहा पाजलात. शिपायाला कपबशी आणायला सांगितलंत, ग्लास नको म्हणून. मग म्हणालात, “ठेवून जा, मोठ्या साहेबांना दाखवतो.” मी ठेवून गेले. घरी दिराने पहिला प्रश्न विचारला, “वहिनी, झेरॉक्स काढलीस का?” मी त्याच्यावरच खेकसले. म्हटलं, माणसावर विश्वास ठेवायला शीक जरा. महोदय, ते वाक्य मला माझ्याच घरात गिळावं लागलं आहे. बाकी नुकसान एकवेळ सोसेन, हे सोसवत नाही.

५. सात आठवड्यांनी दिराला गाळा दाखवायला म्हणून त्याची खुर्ची ढकलत मी त्या गल्लीत गेले. डाव्या हाताचा दुसरा गाळा उघडा होता. वर पाटी होती ‘बॅग व चेन दुरुस्ती’. आत एक साडेसहा फुटी माणूस सव्वादोन फुटी टेबलावर कमरेत मोडून काम करत होता. कमरेला दवाखान्याचा पट्टा. दीर माझ्याकडे बघत होता, मी टेबलाकडे. शेवटी मी विचारलं, टेबल एवढं बुटकं का? तो म्हणाला, “काय माहीत बाई. दाजींनी कागद दिला, त्यात तसंच लिहिलंय.” दारावर खडूने लिहिलं होतं, ‘गुरुवारी दुपारी १२ ते ३ बंद’. तेही विचारलं. म्हणाला, “तेही कागदातच आहे. गुरुवारी मी शटर ओढून आत बसून राहतो. करायला तर काहीच नसतं.”

त्याचे दाजी कोण, हे त्याने अभिमानाने सांगितलं. आपणच आहात.

माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला बरं पडलं असतं. कागद माझा आहे म्हटल्यावर त्याने भांडण काढायच्या ऐवजी खणातून माझीच सोळा पानं काढली आणि पान नऊवर बोट ठेवून विचारलं, “मग चेनवर सरकणारा हा रनर बसवायचा कसा, ते लिहिलेलं नाही ते?” दीर हसला. तो दोन दिवस हसत होता. तिसऱ्या दिवशी जेवला नाही.

६. तरीही मी आपल्या योजनेखाली त्याच जागेसाठी रीतसर परवान्याचा अर्ज केला. आपल्या पहिल्या पत्रात उत्तर आलं, ‘सदर ठिकाणी त्याच स्वरूपाचा व्यवसाय अगोदरच सुरू असल्याने व आपल्या प्रस्तावात नावीन्य आढळून न आल्याने अर्ज नामंजूर.’ कुंपणाने शेत खाल्लं हे ऐकलं होतं. खाऊन वर शेतकऱ्याला विचारणारं कुंपण, की पीक कुठाय, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

७. जाब विचारायला मी पुन्हा त्या दुकानात गेले होते. तेवढ्यात एक मुलगी धावत आली. परीक्षेला चाललेली, बॅगेची चेन अडकलेली, ओळखपत्र आत, बस सुटायला दहा मिनिटं. आपल्या मेहुण्यांनी पक्कड घेऊन ओढाओढ सुरू केली. अजून दोन झटके आणि चेनच्या दातांची माती झाली असती. मी त्यांच्या हातातून पक्कड काढून घेतली, रनर उतरवला, दाबून परत चढवला. चार मिनिटं. मुलगी “थँक यू, मावशी” म्हणत पळाली. नेमके त्याच वेळी आपले तपासनीस रस्त्यावर उभे होते. आपलं दुसरं पत्र आलं, ‘अर्जदार सदर दुकानात काम करताना आढळल्याने त्यांना रोजगार उपलब्ध आहे, सबब त्या योजनेस अपात्र.’

म्हणजे माझ्या दुकानामुळे मला दुकान मिळत नाही, आणि माझ्या दुकानात मी चार मिनिटं काम केलं म्हणून कधीच मिळणार नाही. हे डोकं आपण चांगल्या कामाला लावलं असतं तर आमची गल्ली सुधारली असती.

८. आपण म्हणाल, एका विषयावर दोघांना एकच गोष्ट सुचू शकते. सुचू शकते. फाटकासमोरची जागा कुणालाही सुचेल, पाटीही सुचेल. पण साडेसहा फुटी माणसाला सव्वादोन फुटी टेबल सुचत नाही, साहेब. ते फक्त माझ्या दिराच्या कोपराला सुचतं. आज बुधवार आहे. उद्या दुपारी बारा वाजता आपण स्वतः त्या गल्लीत जा आणि ओढलेलं शटर बघा. त्याच वेळी मी समोरून खुर्ची ढकलत रुग्णालयाकडे जात असेन. नजर चुकवू नका.

९. मला कपबशीतला चहा नको, ‘ताई’ नको. गाळा क्रमांक दोन, त्यातल्या टेबलासकट, आमच्या नावावर करावा. आपल्या मेहुण्यांना कामावर ठेवायची माझी तयारी आहे. त्यांच्यासाठी उंच टेबल मी स्वतः करून घेईन. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास हाच अर्ज मी बटणांच्या पिशवीसह आपल्या मोठ्या साहेबांपुढे वाचेन. त्यांना माझा आराखडा दाखवणार होतात ना? आता मीच दाखवते.

आपली नम्र नसलेली, तरी खरी,
(सही)
अर्जदार
दिनांक: वर लिहिल्याप्रमाणे बुधवार

सोबत:
१. आपली दोन्ही पत्रं, यावेळी झेरॉक्स. मूळ प्रती घरी आहेत.
२. सव्वादोन फुटाची दोरी. दिराच्या खुर्चीशी आणि त्या टेबलाशी आपण स्वतः लावून बघावी.
३. एक कोरा कागद. वर प्रश्न मी लिहिला आहे: ते दुकान गुरुवारी दुपारी बंद का असतं? खाली उत्तर आपल्या हाताने लिहावं.